ईडिपसची तीन बिऱ्हाडे

ज्या गोष्टीचा शेवट प्रेक्षकाला घरून निघतानाच ठाऊक असतो, ती गोष्ट रंगभूमीवर पुन्हा कशासाठी सांगायची? सुभद्रा अखेर अर्जुनालाच मिळणार, हे १८८२ साली 'संगीत सौभद्र' पाहायला बसलेल्या पहिल्या प्रेक्षकालाही माहीत होते. तरीही ते नाटक टिकले. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी महाभारतातली माणसे मराठी माजघरात आणून बसवली, त्यांच्या रुसव्याफुगव्यांना चाली दिल्या आणि जुन्या कथेला नवे बिऱ्हाड मिळवून दिले. पुराणकथा ही अशी बिऱ्हाडकरू असते. तिची स्वतःची मालमत्ता थोडी. पण ज्या घरात ती उतरते त्या घराच्या भिंती तिच्यामुळे बोलू लागतात.

पाश्चात्त्य रंगभूमीवर ग्रीक कथांचे असेच झाले आहे. किंबहुना ज्याला आपण 'ऑपेरा' म्हणतो तो प्रकारच मुळी ग्रीक शोकनाट्य पुन्हा जिवंत करण्याच्या खटपटीतून, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, इटलीतील फ्लॉरेन्स शहरात जन्मला. १६०७ साली माँटेव्हर्दीने आपल्या पहिल्या ऑपेरासाठी ऑर्फियसची कथा घेतली. विसाव्या शतकात मात्र या पुनर्कथनाला वेगळे वळण लागले. सजावटीसाठी पुराणकथा घेणे मागे पडले आणि तिला प्रश्न विचारणे सुरू झाले. या लेखात मी एकाच कथेचे, ईडिपस राजाच्या कथेचे, तीन संगीत-नृत्यावतार तपासणार आहे: १९२७ चा, १९४७ चा आणि १९८३ चा. तिघांनी एकाच राजाला तीन निराळ्या घरांत ठेवले. कुठले घर त्याला मानवले आणि कुठे त्याची कुचंबणा झाली, हे पाहणे आपल्यासारख्या दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्यांना निव्वळ परदेशी कुतूहलाचे वाटू नये, असे मला वाटते.

कथा थोडक्यात सांगतो. थीब्जच्या राजाला भविष्य सांगितले जाते की, तुझा मुलगा तुला मारील आणि आपल्या आईशी लग्न करील. म्हणून तान्ह्या मुलाला डोंगरावर टाकून देतात. एका मेंढपाळाच्या दयेने तो वाचतो, परक्या राजाच्या घरी वाढतो, आणि तेच भविष्य आपल्याविषयी ऐकून त्या घरातून पळ काढतो. वाटेत तीन रस्ते मिळतात तिथे एका म्हाताऱ्याशी भांडण होते. तो मारला जातो. पुढे स्फिंक्सचे कोडे सोडवून तो थीब्जचा राजा होतो व विधवा राणी योकास्तेशी लग्न करतो. वर्षे जातात, नगरात साथ येते, आणि जुन्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही असे देववाणी सांगते. सोफोक्लीसचे नाटक इथे सुरू होते. तपास करणारा राजाच अखेर गुन्हेगार ठरतो. योकास्ता गळफास घेते, ईडिपस स्वतःचे डोळे फोडतो. मराठीत ही कथा पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या भाषांतरातून आणली. काही काळ बेळगावात प्राध्यापकी केलेल्या पुलंना शब्दांवर चालणाऱ्या या नाटकाचे मोल न कळते तरच नवल.

'शब्दांवर चालणाऱ्या' असे मी मुद्दाम म्हटले. हे नाटक म्हणजे उलटतपासणी आहे. प्रश्न, उत्तर, उत्तरातून नवा प्रश्न. योकास्ता नवऱ्याला धीर देण्यासाठी सांगते की पहिला राजा तर तीन रस्त्यांच्या तिठ्यावर मारला गेला. आणि त्या 'तिठ्या'च्या उल्लेखानेच ईडिपसच्या मनात पहिला संशय शिरतो. आता असे नाटक ज्याला गाण्यात किंवा नाचात आणायचे आहे, त्याच्यापुढे अडचण उभी राहते. गाणे प्रश्न विचारत नाही, ते भावनेला धरून थांबते. नाच तर साक्ष नोंदवू शकत नाही. मग काय करायचे?

पहिले उत्तर इगोर स्ट्राविन्स्कीचे. त्याचे 'ईडिपस रेक्स' ३० मे १९२७ रोजी पॅरिसमध्ये प्रथम सादर झाले. संहिता फ्रेंच कवी झां कॉक्तो याची. पण स्ट्राविन्स्कीने ती फ्रेंचमध्ये ठेवलीच नाही. झां दानिएलू या तरुणाकडून, जो पुढे कार्डिनल झाला, तिचे लॅटिन भाषांतर करवून घेतले आणि त्याला संगीत दिले. रोजच्या वापरातून गेलेल्या, कोणाच्याही माजघरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत पात्रे गातात. मुख्य पात्रांनी मुखवटे घालून पुतळ्यांसारखे उभे राहायचे, फक्त मान आणि हात हलवायचे, अशी सूचना आहे. हालचालीची मुभा आहे ती आंधळ्या द्रष्ट्या टायरेसियसला, मेंढपाळाला आणि निरोप्याला. म्हणजे ज्यांना सत्य माहीत आहे तेच चालतेबोलते, बाकीचे दगड. ही योजना मला फार मार्मिक वाटते.

परंतु खरी मेख पुढे आहे. या लॅटिन पुतळ्यांच्या शेजारी आजच्या पोशाखातला एक निवेदक उभा असतो आणि प्रत्येक प्रसंगाआधी तो काय घडणार हे सांगतो. तो मात्र प्रेक्षकांच्या भाषेत बोलतो. प्रयोग पॅरिसमध्ये असेल तर फ्रेंच, लंडनमध्ये असेल तर इंग्रजी. १९९२ साली जपानमध्ये ज्यूली टेमर हिने दिग्दर्शित केलेल्या आणि सेइजी ओझावा यांनी संगीतसंचालन केलेल्या प्रयोगात निवेदन जपानीत होते. योकास्तेचे काम जेसी नॉर्मन या थोर गायिकेने केले. ईडिपसचे काम मात्र दोघांत वाटले होते. गाणारा ईडिपस फिलिप लँग्रिज, नाचणारा ईडिपस मिन तानाका. कथा ग्रीक, संहिता फ्रेंचमधून लॅटिनमध्ये गेलेली, संगीतकार रशियन, दिग्दर्शिका अमेरिकन आणि निवेदन जपानी! एवढी सरमिसळ होऊनही त्या प्रयोगाचे चित्रीकरण पाहताना कोठेही ठिगळ दिसत नाही. प्रत्येक भाषेला तिचे नेमके काम दिलेले आहे, त्याचा हा परिणाम.

मराठी वाचकाला हा निवेदक अनोळखी वाटायला नको. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हा सूत्रधार पद्ये गाऊन कथा पुढे नेई आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. भाव्यांना ती कल्पना सुचली कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. म्हणजे मराठी रंगभूमीच्या पायाचा पहिला दगड कानडी खाणीतला आहे. आणि त्याची लाज वाटण्याचे काही कारण नाही. सीमेच्या राजकारणाने जे वाटून घेतले, ते नाटकाने कधीच वाटले नव्हते.

स्ट्राविन्स्कीच्या कृतीत जमले काय आणि हुकले काय? जमला तो शब्दाचा नाद. योकास्तेने तिठ्याचा उल्लेख करताच पुरुषांचे वृंदगान 'त्रिवियम' म्हणजे तिठा हा एकच शब्द पुन्हा पुन्हा आपटत राहते, जणू कोणी दारावर धडका देत आहे. सोफोक्लीसमध्ये त्या शब्दाने संशय शिरतो. इथे तो शब्दच नगारा होतो. गाणे प्रश्न विचारू शकत नाही ही अडचण अशी सोडवलेली आहे: प्रश्नाऐवजी प्रश्नाचा प्रतिध्वनी. हुकले ते मानवी ऊब. हा राजा आरंभापासूनच स्मारक आहे, आणि स्मारक कोसळताना धडकी भरते, पण त्याचा हात धरावासा वाटत नाही.

दुसरे उत्तर नेमके याच्या उलट. ३ मे १९४७ रोजी अमेरिकेतील केंब्रिज येथे मार्था ग्रॅहॅम हिने 'नाइट जर्नी' हे सुमारे अर्ध्या तासाचे नृत्यनाट्य सादर केले. संगीत विल्यम शूमन यांचे, नेपथ्य शिल्पकार इसामू नोगुची यांचे. यात एकही शब्द नाही. आणि नायक ईडिपस नाही. नायिका योकास्ता आहे. ग्रॅहॅमने ग्रीक कथांची जी मालिका केली, म्हणजे मीडियावरची 'केव्ह ऑफ द हार्ट' (१९४६), 'नाइट जर्नी' आणि पुढे 'क्लायटेम्नेस्ट्रा' (१९५८), तिच्यात सर्वत्र हेच सूत्र आहे: कथेत जी स्त्री कडेला उभी आहे तिला मध्यभागी आणणे.

पण इथे निव्वळ मध्यभागी आणणे नाही. मूळ नाटकात योकास्तेला सत्य ईडिपसच्या आधी उमगते. ती त्याला पुढे विचारू नकोस म्हणून विनवते आणि आत निघून जाते. मग दार बंद. त्या दारामागे काय झाले हे आपल्याला नंतर एक सेवक येऊन सांगतो. ग्रीक रंगभूमीचा तो रिवाजच होता. मरण रंगमंचावर सहसा दाखवायचे नाही. ग्रॅहॅमचे सगळे नृत्यनाट्य त्या बंद दाराच्या आत घडते. पडदा उघडतो तेव्हा योकास्तेच्या हातात दोर आहे. ती गळ्याभोवती तो घेणार इतक्यात टायरेसियस काठी टेकत येतो, काठीने तो दोर उडवतो आणि तिला मरण्याआधी सगळे पुन्हा आठवायला लावतो. म्हणजे आपण पाहतो ते एका बाईच्या शेवटच्या क्षणांतले स्मरण. विजयी तरुण ईडिपस येतो, लग्न होते, आणि मग त्या दोघांच्या नाचात प्रियकराला मिठी मारणारे हात मध्येच बाळाला झुलवणारे हात होतात. तोच दोर दोघांना वेढतो. तो नाळ आहे, लग्नगाठ आहे आणि फासही. एका दोरात तिन्ही अर्थ! शब्दांत हे सांगायला तीन वाक्ये लागली. शरीराला एक वेढा पुरला.

नोगुचीचा पलंग पाहावा. तो निजण्याचा पलंग नाहीच. उताराचा, हाडांसारख्या आकारांचा, ज्यावर पाठ टेकता येत नाही असा. ग्रॅहॅमच्या नृत्यपद्धतीचा पाया म्हणजे पोटापासून होणारे आकुंचन आणि मग सुटका. आपल्याकडे दुःख डोळ्यांत आणि हस्तमुद्रेत उमटते. तिच्याकडे ते आधी पोटात कळ येऊन वळते. योकास्तेसाठी याहून योग्य भाषा कोणती? तिचे दुःख मुळात गर्भाशयाचे आहे. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. योकास्ता नाचणारी ग्रॅहॅम तेव्हा ५२ वर्षे पूर्ण केलेली होती आणि ईडिपस नाचणारा एरिक हॉकिन्स तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. नर्तकीने निवृत्त व्हावे असे जग ज्या वयात सुचवते, त्या वयात तिने अशी भूमिका घेतली जी विशीतल्या नर्तकीला पेलणारच नाही. १९६१ च्या चित्रपटरूपातही, साठी ओलांडल्यावर, योकास्ता तीच आहे. १९५५-५६ च्या आशिया दौऱ्यात ही कलावती आपल्या मंडळीसह भारतातही येऊन गेली होती.

इतकी स्तुती केल्यावर हिशेबाची दुसरी बाजू मांडणे भाग आहे. ग्रॅहॅमने नगर काढून टाकले. साथ नाही, प्रजा नाही, तपास नाही. सोफोक्लीसचा ईडिपस मोठा का? त्याला थांबता आले असते. राणी थांबा म्हणत होती, मेंढपाळ गयावया करीत होता. तो थांबला नाही, कारण नगर मरत होते आणि सत्य सांगण्याचे त्याने जाहीर वचन दिले होते. स्वतःच्या नाशाकडे नेणारा प्रश्न विचारत राहणे हे त्याचे थोरपण. 'नाइट जर्नी'तला ईडिपस थोर नाही. तो छाती काढून चालणारा, जिंकलेल्या पठ्ठ्यासारखा आहे. स्त्रीच्या नजरेतून पाहिले तर तो तसा दिसेलही, हे मी मान्य करतो. पण मग योकास्तेचा आक्रोश एका शयनगृहापुरता उरतो. एका घराचा अंधार दिसतो, राज्याचा दिसत नाही. शिवाय आपल्या भरतनाट्यमातली नर्तकी मुद्रांनी 'नाही', 'कोण?', 'काल' असे म्हणू शकते, कारण तिच्या हातामागे गायलेले पद उभे असते. ग्रॅहॅमच्या मागे पद नाही. म्हणून कथा आधी माहीत नसलेल्या प्रेक्षकाला यातले अर्धे कळणार नाही. शब्द टाकून दिला की त्याची किंमत कुणीतरी भरतेच. इथे ती अनभिज्ञ प्रेक्षक भरतो.

तिसरे उत्तर 'द गॉस्पेल ॲट कलोनस'. १९८३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ते प्रथम सादर झाले. लेखन-दिग्दर्शन ली ब्रूअर, संगीत बॉब टेल्सन. हे सोफोक्लीसच्या दुसऱ्या नाटकावर, 'कलोनस येथील ईडिपस'वर उभे आहे. आंधळा, म्हातारा, हद्दपार राजा मुलीचा हात धरून अथेन्सजवळच्या वनात येतो आणि मरणासाठी जागा मागतो. ब्रूअरने ही कथा कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या प्रार्थनेत बसवली. एक धर्मोपदेशक ईडिपसची पोथी उघडून प्रवचन करतो, मूळ संचात ते काम मॉर्गन फ्रीमन करीत, आणि गायकवृंद त्याच्या बोलण्यावर उठून गाऊ लागतो. ईडिपसचे गाणे म्हणतात क्लॅरन्स फाउंटन आणि त्यांचे 'फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा'. अंधशाळेत एकत्र आलेले हे गायक चाळीसहून अधिक वर्षे गावोगाव भक्तिगीते गात फिरले होते. आंधळ्या राजाचे सोंग इथे कोणी घेतलेलेच नाही.

हा प्रकार पाहताना मराठी माणसाला एकच शब्द आठवेल: कीर्तन. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये टाळमृदंगाची साथ आणि श्रोत्यांचा गजर. बुवा एका क्षणी निवेदक असतात, दुसऱ्या क्षणी हरिश्चंद्र आणि तिसऱ्या क्षणी तारामती; कोणी त्यांना वेषभूषा मागत नाही. ब्रूअर-टेल्सन यांचे यश हे की, त्यांनी ग्रीक कोरस कुठून आणायचा याचा शोध ग्रंथालयात घेतला नाही. जो समाज आजही एकत्र बसून गातो, उत्तर देतो, रडतो, त्याच्याकडे कोरस जिवंत आहे हे त्यांनी ओळखले. स्ट्राविन्स्कीचा कोरस भव्य आहे, ग्रॅहॅमचा भेदक आहे. पण आपल्या शेजारी बसलेला वाटतो तो याच नाटकातला.

तरी एक आक्षेप नोंदवतो. सोफोक्लीसचा म्हातारा ईडिपस शेवटपर्यंत तापट आहे. मदत मागायला आलेल्या मुलाला तो भयंकर शाप देतो आणि मगच मरणाकडे वळतो. देव त्याला क्षमा करीत नाहीत. ते त्याला फक्त जवळ बोलावतात, आणि त्याची समाधी अथेन्सचे रक्षण करणारी शक्ती बनते. चर्चच्या आनंदगीतात हे कडू बी विरघळून जाते. तारण झाल्याचा जल्लोष ऐकताना शाप कधी दिला गेला हे विसरायला होते. नवे घर इतके प्रेमळ मिळाले की बिऱ्हाडकरूचा स्वभावच बदलला!

तीन घरे पाहून झाली. निष्कर्ष काय? माझ्या मते पुनर्कथनाला तीन कसोट्या लावाव्यात. मूळ कथेतले कोणते बंद दार तुम्ही उघडले? जे माध्यम घेतले ते तुमच्या समाजाच्या हाताला सवयीचे आहे काय? आणि जे गमावले त्याची जाणीव तुमच्या कृतीत दिसते काय? पहिल्या कसोटीत ग्रॅहॅम सर्वश्रेष्ठ, दुसरीत 'गॉस्पेल', आणि तिसरीत स्ट्राविन्स्की. आपले पुतळे बोलके नाहीत हे त्याला पुरते ठाऊक होते, म्हणून तर त्याने शेजारी बोलणारा माणूस उभा केला.

या कसोट्या आपल्या दारीही लावून पाहाव्यात. शाळांच्या स्नेहसंमेलनांतून पौराणिक नृत्यनाट्ये पुष्कळ होतात. ध्वनिमुद्रित गाणे लागते, भरजरी कपडे येतात, मुले ओठ हलवतात, टाळ्या पडतात. कोणते दार उघडले? एकही नाही. द्रौपदी काय म्हणाली हे त्या मुलीला विचारले तर तिला सांगता येत नाही, कारण तिला हातवारे शिकवले गेले, गोष्ट सांगितली गेली नाही. सीमाभागातल्या घरांत ही बाब अधिक गंभीर आहे. आपली मुले घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि वर्गात बहुधा इंग्रजी बोलतात. भाषा पातळ होत चालली की पालक म्हणतात, निदान नाच-गाणे तरी राहू द्या, संस्कृती टिकेल. ही तिन्ही नाटके मला सांगतात की, केवळ नाचगाण्याने ती टिकत नाही. 'नाइट जर्नी' ज्याला समजते, त्याला ती कथा आधी कोणीतरी शब्दांत सांगितलेली असते.

म्हणून कीर्ती मार्था ग्रॅहॅमची मोठी असली, तरी आपल्या जिल्ह्यांनी उचलावी अशी युक्ती मला स्ट्राविन्स्कीच्या निवेदकात दिसते. पात्रे संस्कृतात गाऊ देत, यक्षगानाच्या चालीवर कन्नडात गाऊ देत, नाहीतर नुसती नाचू देत. पण रंगमंचाच्या एका कडेला साध्या कपड्यांतला एक माणूस उभा असावा आणि त्याने समोरच्या माणसांच्या घरच्या भाषेत सांगावे की, आता हे असे घडणार आहे. समोर दोन भाषांची माणसे असतील तर त्याने दोन्हींत सांगावे. भाव्यांच्या सूत्रधाराची आणि भागवतांची सोयरीक होतीच. ती पुन्हा जोडायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि तो निवेदक शक्यतो शाळेतला विद्यार्थी असावा. कारण जो गोष्ट सांगतो, त्याला ती आधी समजून घ्यावी लागते.